नेख्बेतच्या गावी

इस्नाहून शिडाच्या डहाबियातून दक्षिणेकडे निघालं की एडफूच्या अलीकडे, पूर्व काठावर, मातीच्या विटांचा अवाढव्य तट दिसू लागतो. हे अल काब, म्हणजे जुनं नेखेब. मोठ्या क्रूझ बोटी इथे सहसा थांबत नाहीत आणि त्याची मनापासून हळहळ वाटते. ज्या गिधाड-देवीने हजारो वर्षं फॅरोंवर पंख धरले, त्या नेख्बेतचं हे गाव!

आपल्याकडे गिधाड दिसलं की मनात अभद्रच येतं. इथे ते आई होतं. नेख्बेत दक्षिण इजिप्तची, तर नागीणरूपातली वाजेत उत्तरेची, त्रिभुज प्रदेशातल्या बुटोची. राजाला पुढे पाच नावं मिळू लागली. त्यांतलं एक या दोघींच्या आश्रयाचं. शिलालेखात ते चटकन ओळखू येतं: दोन परड्या, एकीत गिधाड, दुसरीत फणा काढलेली नागीण. मला हे नाव पाचांत सर्वांत बोलकं वाटतं. दोन्ही मुलखांवर सत्ता सांगणाऱ्या राजाला दोन्हीकडच्या देवींची नावं घ्यावी लागत. नदीपलीकडेच नेखेन आहे. दक्षिणेचा पांढरा आणि उत्तरेचा लाल असे दोन्ही मुकुट घातलेला राजा नार्मर ज्या शिळेवर कोरला आहे, ती तिथेच सापडली.

तटापलीकडच्या टेकडीत खोदलेल्या थडग्यांपैकी एक इथल्याच आहमोस नावाच्या योद्ध्याचं. भिंतीवर त्याचं आत्मचरित्र उभ्या ओळींत दाटीने कोरलेलं आहे. उत्तरेत राज्य करणाऱ्या परक्या हिक्सोसांची राजधानी अवारिस कशी पडली, शारुहेनला तीन वर्षं वेढा कसा घातला, आपल्याला सात वेळा सोनं कसं मिळालं, हे तो सांगतो. कैद करून आणलेल्या माणसांचीही तो मोजदाद करतो; ते वाचताना त्याच्या पराक्रमाचं कौतुक अडखळतं. शेजारच्या थडग्यात त्याचा नातू पाहेरी, नेखेबचा नगरप्रमुख, छोट्या राजपुत्राला मांडीवर घेऊन बसला आहे. राजघराण्याचं मूल या गावच्या माणसाच्या हाती सोपवलेलं होतं.

वाळवंटाच्या दिशेने आत गेलं की तिसऱ्या आमेनहोतेपचं छोटं देऊळ लागतं. तिथेही नेख्बेत आहे.

तुतनखामूनचा सोन्याचा मुखवटा पाहायला सगळेच जातात. त्याच्या कपाळावर नागिणीशेजारी जे गिधाड आहे, ते या गावचं.