गलबत, गुराब आणि पोलाद

समुद्राशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा गावांची यादी करावयाची झाल्यास तीत भिलाईचे नाव बरेच वर घालावे लागेल. शिवनाथ नदीचे पात्र आणि मरोद्याचा जलाशय एवढीच आमची जलसंपत्ती. शेजारच्या शहराचे नाव 'दुर्ग' असले तरी त्याच्या तटाला भरतीची लाट कधी शिवलेली नाही. आणि तरीही २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, तेव्हा भिलाईच्या मनाला त्या दिवशी समुद्र लागला होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. तिच्यासाठी लागलेले सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी पुरविले होते. त्याच दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. माझ्या आयुष्यातील बरीच वर्षे याच कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये गेली असल्याने या दोन घटनांची सांगड माझ्या मनात आपोआप घातली गेली.

परंतु जहाजांविषयी विचार करावयास मला खरी चालना दिली ती माझ्या भाच्याने. तो संगणकावर 'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ खेळतो. आइसलंडमधील एका कंपनीने २००३ साली सुरू केलेला हा अंतराळयुद्धाचा खेळ. त्यात देशोदेशींचे हजारो लोक एकाच वेळी एकाच विश्वात वावरतात, आणि एकदा फुटलेले जहाज पुन्हा मिळत नाही. नवे विकत घ्यावे लागते. जानेवारी २०१४ मध्ये यातील एक लढाई जवळजवळ एकवीस तास चालली आणि 'टायटन' जातीची पंचाहत्तर महाकाय जहाजे तीत नष्ट झाली. साहजिकच कोणते जहाज घेऊन कोणाशी भिडावे याचा विचार तेथे गंभीरपणे करावा लागतो. मी त्याला एकदा विचारले, की इतकी प्रचंड जहाजे असताना तू हे चिमुकले फ्रिगेट घेऊन का हिंडतोस? तो म्हणाला, "मामा, मोठ्याच्या तोफा वळेपर्यंत मी त्याच्या अंगाशी जाऊन घिरट्या घालत असतो. मला त्याला बुडवायचं नसतंच. पळू द्यायचं नसतं. बाकीचे येऊन त्याचा निकाल लावतात."

हे शब्द ऐकताच मला आंग्र्यांचे आरमार आठवले. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, रुंद आणि कमी पाण्यात चालणारे जहाज. त्याच्या नाळेवर समोर तोंड करून दोन तोफा असत. गलबत त्याहून लहान. शिडे असली तरी त्याचा खरा भरवसा चाळीसपन्नास वल्ह्यांवर. वारा पडला, की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळून राही. तेव्हा गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेत. जहाजाच्या तोफा कुशीला असतात, पिछाडी दुबळी असते, हे त्यांनी नेमके हेरले होते. तोफांचा रोख प्रथम डोलकाठ्यांवर असे. जहाज पांगळे झाले, की गलबतांतील माणसे तलवारी घेऊन त्यावर चढत. साधनांच्या उणिवेतून ही रीत काही अंशी आली असेल. पण ती केवळ नाइलाजाची रीत नव्हती. कोकणच्या खाड्या, उथळ पाणी आणि वाऱ्याची लहर यांचा तीत पुरता हिशोब होता.

या हिशोबाचे मर्म खांदेरीच्या प्रकरणात अधिक स्पष्ट होते. १६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी ती रोखण्यासाठी आरमार धाडले. ऑक्टोबरात झालेल्या लढाईत 'डोव्ह' ही इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. परंतु 'रिव्हेंज' हे मोठे जहाज एकाकी लढत राहिले आणि मराठी आरमाराला मागे फिरावे लागले. त्या दिवसापुरते पाहिले तर मोठे जहाज जिंकले असेच म्हणावे लागेल. पण रात्रीच्या अंधारात लहान होड्या बेटावर रसद नेतच राहिल्या. पुढल्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. बेट मराठ्यांकडे राहिले. महाराजांना हवे होते ते बेट, 'रिव्हेंज' नव्हे.

हे सारे मी भाच्याला रंगवून सांगितले, तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "मग विजयदुर्गाला आरमार जळलं कसं?"

प्रश्न बोचणारा होता, पण योग्य होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. जमिनीच्या बाजूने खुद्द पेशव्यांचे सैन्य त्यांच्या साह्यास होते. ज्यांचे सारे बळ हालचालीत, ती तुळाजी आंग्र्यांची जहाजे त्या वेळी किल्ल्याच्या आश्रयाला दाटीने उभी होती. एक पेटता गोळा आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर पडला, आणि त्याची आग पाहता पाहता साऱ्या आरमारात पसरली. गलबते तीच होती, खलाशी तेच होते. पण त्यांच्याखालचे पाणी थांबले होते. आपण आरमाराचे पोवाडे गातो तेव्हा खांदेरीपाशी थांबतो. विजयदुर्गाचा दिवस वगळला, तर जो उरतो तो अभिमान असेल, ज्ञान नव्हे.

भाच्याच्या खेळात एक म्हण रूढ आहे: जे गमावणे परवडणार नाही, ते जहाज घेऊन बाहेर पडू नये. मला ती फार आवडली, आणि तिची मर्यादाही तेथेच कळली. पडद्यावर फुटलेल्या जहाजाची किंमत मोजता येते. वल्ह्यांवर बसलेल्या ज्या भंडारी-कोळ्यांनी खांदेरीच्या काळोखात धान्य पोचविले, त्यांतील बहुतेकांची नावेसुद्धा बखरींत उतरली नाहीत. त्यांना गमावणे कोणाला परवडत होते, हा प्रश्न कोणत्याही डावपेचात बसत नाही. प्लेट मिलमध्ये लालबुंद पत्रा रुळांवरून सरकताना तो कोणत्या जहाजाला लागणार हे तेथील कामगाराला सहसा ठाऊक नसते. त्याला एवढेच ठाऊक असते, की त्या पत्र्यापलीकडे एक दिवस पाणी असेल आणि अलीकडे माणसे असतील. आणि तेवढे त्याच्या कामाला पुरते.