पाव पडद्याचा गेम

अमेरिकेत एमएस करत होतो तेव्हाची, १९९९ ची गोष्ट. चौघांत एक अपार्टमेंट, एक टीव्ही आणि एक सेकंडहँड निन्टेन्डो ६४. शनिवारी भांडी कोणी घासायची हे 'गोल्डनआय ००७'वर ठरायचं. टीव्हीचे चार चौकोन, प्रत्येकाला पाव पडदा. त्यामुळे तुम्ही कुठे दबा धरून बसलाय ते सगळ्यांना दिसतंच! "माझ्या चौकोनात बघू नको रे!" ही आरोळी ठरलेली. बुटका ऑडजॉब घ्यायला बंदी, कारण गोळ्या त्याच्या डोक्यावरून जायच्या.

पुढे सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर कळलं, की रेअर कंपनीच्या छोट्याशा टीमने १९९७ मध्ये हा गेम केला, त्यातल्या बहुतेकांचा तो पहिलाच. मल्टिप्लेअर तर मूळ प्लॅनमध्ये नव्हतंच, शेवटच्या काही महिन्यांत बसवलेलं. नेमकं तेच लोकांच्या लक्षात राहिलं. (आमच्या मॅनेजरला सांगू नका.)

२०२३ च्या जानेवारीत गेम स्विचवर परत आला, ऑनलाइन खेळायच्या सोयीसकट. आम्ही चौघं आता चार शहरांत. त्यातल्या एकाशी डिपॉझिटच्या पैशांवरून बिनसलेलं, कित्येक वर्षं बोलणं बंद. बाकीच्या दोघांनी आग्रह केला म्हणून बसलो. ग्राफिक्स आता अगदीच ओबडधोबड वाटतात. दहा मिनिटं फोनवर आम्ही दोघंही गप्प. मग मी त्याला जिन्याखाली गाठलं...

"साल्या, माझ्या चौकोनात बघितलंस!"

बघितलं होतं. डिपॉझिटचा विषय कोणीच काढला नाही. शेवटी हरलो मीच. असो, भांडी घासायला उठतो.