नवापूर ते काठी : श्रद्धा, पाहुणचार आणि मोहाची दारू

नंदुरबार जिल्ह्यातील निरनिराळ्या श्रद्धासमूहांचा परिचय करून घेण्यासाठी नवापूरपासून काठीपर्यंत जो प्रवास करण्यात आला, त्यात लॉज टाळून मुक्काम स्नेह्यांच्या घरीच ठेवला होता. आणि प्रार्थनास्थळांत जे उलगडले नाही ते या घरांच्या ओट्यांवर, जेवणाच्या वेळी उलगडले, ते असे की इथल्या समूहांमधली सीमारेषा दैवतांपेक्षा मोहाच्या दारूवरून अधिक ठळकपणे जाते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे, म्हणजे भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी आहेत. त्यांच्या पारंपरिक जीवनात मोहाच्या फुलांची दारू आधी देवाची आणि पूर्वजांची असते, माणसाची नंतर.

नवापूरच्या बाजूला, जिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, मावची गावांमध्ये ख्रिस्ती मंडळ्या बऱ्याच आढळतात, आणि चिंचपाड्याचे 1942 पासूनचे ख्रिस्ती रुग्णालय हा इथल्या ख्रिस्ती मिशनकार्याचा आजही चालू असलेला भाग आहे. मुक्कामाच्या घरी संध्याकाळची प्रार्थना मराठीत सुरू होऊन मावचीत संपली. शेजारच्याच घरात राहणारे यजमानांचे चुलतभाऊ मात्र वाघदेवाचे, म्हणजे वाघापासून गुराढोरांचे रक्षण करणाऱ्या दैवताचे, पूजक राहिलेले आहेत. लग्नाचा मांडव दोन्ही घरे मिळून घालतात, मात्र दारूचे भांडे फिरू लागले की ख्रिस्ती मंडळी उठून आपल्या ओट्यावर जातात, असे यजमानांनी सांगितले, आणि तेही कोणतीही तक्रार नसल्यासारखे.

नंदुरबारच्या लालभडक मिरची पथाऱ्या, म्हणजे मिरच्या वाळवण्याची मैदाने, मागे टाकून तापीकाठी आले की मैदानी, शेतकरी खानदेश लागतो. तापी व गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा हे दक्षिण काशी म्हणून ओळखले जाणारे शिवक्षेत्र असून, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते, जिची खरी कीर्ती घोडेबाजाराची आहे. दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी असली तरी प्रस्तुत विषयाला त्यांनी फारसे काही दिले नाही.

तळोद्याचे मात्र तसे नाही. या तालुक्यातील मोरवड येथे 1930 च्या दशकात गुला महाराजांनी 'आप' पंथ उभा केला. दारू व मांस सोडणे, रोज स्नान करणे आणि एकमेकांना 'आप की जय' म्हणून अभिवादन करणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. 1938 मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेले. हा केवळ भक्तीचा प्रकार नव्हता, हे लक्षात येण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळण्याला आळा घालून मक्तेदाराच्या दुकानाची वाट दाखवली, आणि दुकानातली उधारी पुढे जमीन गिळू लागली. त्यामुळेच 1922 च्या सुमारास दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम खानदेशात पसरलेल्या 'देवी' चळवळीत, अंगात येणाऱ्या देवीच्या तोंडून, दारू सोडा हाच आदेश वारंवार निघाला. गुला महाराजांची शिकवण याच ओघातली मानावी लागते, आणि 1970 च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग महाराज व श्रमिक संघटनेने जमिनींसाठी लढा दिला तेव्हाही दारूबंदीचा आग्रह सुटला नव्हता. तळोद्याच्या यजमानांच्या घरी, जे या पंथाचे आहेत, दारात पाण्याचा तांब्या देताना आजीबाईंनी हात जोडून 'आप की जय' म्हटले आणि तसेच उत्तर मिळेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी 1979 मध्ये स्थापन केलेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही संस्था आहे, जिथे धार्मिक शिक्षणाबरोबर आधुनिक अभ्यासक्रमही चालतात. दारूचा प्रश्न अर्थातच तिथे उद्भवत नाही.

देवगोई घाट चढून मोलगीला पोहोचले की सारे उलटते. इथली कुलदेवता याहा मोगी, म्हणजे मोगी माता. तिचे मूळ ठिकाण अक्कलकुवा तालुक्यातील दाब मानले जाते, तर महाशिवरात्रीची मोठी यात्रा गुजरातच्या सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे भरते, आणि तिला नव्या धान्यासोबत मोहाची दारू वाहिली जाते. मोलगीच्या घरी यजमानांनी पानाचा द्रोण पुढे केला, पण त्याआधी त्यातले थेंब बोटांनी जमिनीवर शिंपडले, कारण पूर्वजांना दिल्याशिवाय पिणे हे त्यांच्या दृष्टीने व्यसन ठरते. तळोद्याच्या आजीबाईंच्या मताशी हे जुळणारे नाही. तरीही दोन्ही घरे एकमेकांची सोयरी आहेत.

प्रवासाचा शेवटचा टप्पा असलेल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि नाचणारे बावे व बुध्ये, म्हणजे कमरेला भोपळे बांधून किंवा मोरपिसांचे टोप घालून नवस फेडणारे पुरुष, त्याआधी काही दिवस पालनी, म्हणजे व्रत, पाळतात. ती पाहायला जाणाऱ्याने व्रतस्थांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, मुक्कामाची सोय कुणा ओळखीच्या घरी आधीच करावी, आणि द्रोण पुढे आला तर घ्यायचा की हात जोडायचे हे घाटाखालीच ठरवून निघावे. नकाराचा इथे कुणी राग मानत नाही, मात्र घेऊन टाकून दिलेला द्रोण विसरला जात नाही.