‘शत्रू ठार : १२८’

(१/७)
१७ मार्च १९६८. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर व्हिएतनाम युद्धाची एक बातमी होती. आदल्या दिवशी अमेरिकी सैनिकांनी दोन बाजूंनी कोंडी करून, दिवसभराच्या लढाईत शत्रूचे १२८ सैनिक ठार केल्याचे तीत म्हटले होते.

(२/७)
बातमीचा उगम लष्करी निवेदनात होता. वार्ताहर शेकडो किलोमीटर दूर, सायगावमध्ये होते. आकडा लष्कराने दिला आणि वृत्तपत्राने तो छापला.

(३/७)
असे आकडे इतके महत्त्वाचे का होते? या युद्धाला निश्चित आघाडी नव्हती. जिंकलेला मुलूख नकाशावर दाखवता येत नसे. म्हणून शत्रूच्या मृतदेहांची संख्या, म्हणजेच ‘बॉडी काउंट’, हे प्रगतीचे माप ठरले. अधिकाऱ्यांची कामगिरीही त्यावर जोखली जाऊ लागली. ज्याची बढती त्या संख्येवर अवलंबून, मोजणीही त्याच्याच हाती.

(४/७)
प्रत्यक्षात १६ मार्चला क्वांग न्गाई प्रांतातील माय लाय गावात लढाई झालीच नव्हती. चार्ली कंपनीच्या सैनिकांनी नि:शस्त्र स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची हत्या केली होती. अमेरिकी लष्कराच्या तपासानुसार मृत ३४७. व्हिएतनामच्या नोंदीनुसार ५०४.

(५/७)
सत्य उजेडात यायला वीस महिने लागले. रॉन रायडेनहावर या माजी सैनिकाने सोबत्यांकडून ऐकलेली हकिकत मार्च १९६९ मध्ये पत्राद्वारे लोकप्रतिनिधींना कळवली. नोव्हेंबरमध्ये सिमोर हर्श या पत्रकाराने ती वृत्तपत्रांतून मांडली. पाठोपाठ लष्करी छायाचित्रकार रॉन हेबर्ली यांनी टिपलेली छायाचित्रेही प्रसिद्ध झाली.

(६/७)
संशयाला जागा मात्र लष्कराच्या मूळ अहवालातच होती. शत्रू ठार १२८. हस्तगत शस्त्रे ३. तीन बंदुकांच्या बळावर सव्वाशे सैनिक दिवसभर लढले कसे? हा प्रश्न विचारण्यासाठी रणभूमीवर जाण्याची गरज नव्हती. म्हणूनच युद्धाच्या बातमीत ‘अमक्याच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द आकड्याइतकेच लक्षपूर्वक वाचावे लागतात.

(७/७)
त्या परिसरात, सोन मी येथे, आज स्मारक उभे आहे. तेथे ५०४ नावे वयासह कोरलेली आहेत. त्यांत तान्ही मुलेही आहेत. १२८ या आकड्यापुढे ना नाव होते, ना वय. वय लिहिले असते, तर ‘शत्रू ठार’ असे लिहिता आले नसते.