कागदाबाहेरील भूमिति

घनभूमितीचा पाठ येतांच कित्येक हुशार मुलें गणितास भिऊं लागतात, हें आम्ही अनेक वर्षें पाहत आलों आहों. दोष बहुधा सपाट कागदाकडे असतो. नकाशांत आगगाडीचा मार्ग व त्यावरील पुलाचा रस्ता एकमेकांस छेदतांना दिसतात. प्रत्यक्षांत त्या दोन रेषा समांतर नाहींत व कोठें भेटतही नाहींत. म्हणूनच बैलगाडी निर्धास्तपणें वरून जाते. पुठ्ठ्यांतून सुई आरपार घातली, तर रेषा पातळीस एकाच बिंदूंत भेटलेली दिसते. वर्गाच्या दोन भिंती एका सरळ रेषेंत भेटतात, हा युक्लिडाच्या अकराव्या पुस्तकांतील सिद्धांत. ती रेषा जमिनीस टेकते, तेथें तीन पातळ्यांचा एक बिंदु. मुलांनो, आकृति पाठ करण्यापूर्वीं उठून त्या कोपऱ्यास हात लावा. देवानें दिलेले डोळे व हात हींच भूमितीचीं पहिलीं साधनें होत.