पाकिटावरचा शिक्का

एमएसडब्ल्यू करताना बाल न्याय अधिनियम, 2015 मी घोकून पाठ केला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी कलमं सांगितली असती. जिल्ह्यातल्या एका बालगृहात समुपदेशक म्हणून रुजू झाले आणि न घोकलेला प्रश्न पुढ्यात आला. आपल्याच संस्थेची तक्रार करायची तर कुणाकडे, आणि आपलं नाव न फुटता कशी?

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना सकाळचा नाश्ता मिळत नसे. सवय मोडायला म्हणे! नियमाप्रमाणे मुलांसाठी सूचनापेटी होती, पण ती ऑफिसच्या दारालगत. कुलूप गंजलेलं, किल्ली अधीक्षकांच्या खणात. चिठ्ठी कोण टाकतंय ते खुर्चीतूनच दिसायचं. अधीक्षकांशी बोलले, तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही नवीन आहात."

मग डोक्यात नुसता गुंता. 1098 वर फोन करावा का? पण ती तर संकटातल्या मुलांची हेल्पलाइन, पगारी कर्मचाऱ्यानं तिथं काय सांगायचं? बाल कल्याण समितीकडे जावं, तर आमचे अधीक्षक मुलांना घेऊन सारखे तिच्यापुढे. राज्य बालहक्क आयोग मुंबईत. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं 2014 मध्ये केला, पण तो अंमलातच आणलेला नाही.

निनावी पत्र बरं वाटलं. 2018 मध्ये वाळवा तालुक्यातल्या कुरळपच्या आश्रमशाळेत मुलींवर होणारे अत्याचार अशाच पत्रातून पोलिसांना कळले होते. पण पाकीट माधवनगरच्या पोस्टात टाकलं तर वर माधवनगरचा शिक्का, आणि आमच्याकडं माधवनगरहून येणारी मी एकटी! सांगलीला जाऊन टाकू? अक्षर ओळखतील म्हणून टाइप करू? पण टाइप तरी कुठल्या दुकानात करणार?

शेवटी कॉलेजातल्या मॅडमना गाठलं. त्यांनी समितीवर काम केलेलं. त्या हसल्याच. "अगं, शिक्क्याचं काय घेऊन बसलीस? मजकूरच तुला पकडून देईल. मुलानं समुपदेशनात जे सांगितलं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आणि त्यात त्या पोराचंही नाव उघडं पडतं."

त्यांचा सल्ला साधा होता. तपासायला येणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिही. पेटी कुठं आहे, किल्ली कुणाकडं, पटावर मुलं किती आणि नाश्त्याला बसतात किती. मुलांशी एकांतात बोला, असंही लिही. खाली सही कर, कारण निनावी पत्राबद्दल पुढं काही विचारायचं तर कुणाला विचारणार? वर "नाव गुप्त ठेवावे" अशी विनंती कर. पाकिटावर "गोपनीय" लिहून ते समितीच्या अध्यक्षांच्या हातात दे आणि पोच घे. पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नकोस.

समितीच का? तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, हे मला पाठ होतं. पण निवासी संस्थांना महिन्यातून किमान दोन भेटी देणं हे तिचं कामच आहे, याचा उपयोग मॅडमनी दाखवला. भेट झाली म्हणून कुणी चुगली केली असं ठरत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी असं सावकाश लिहीत बसायचं नाही. पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लगेच पोलिसांना कळवावं लागतं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो आणि गप्प बसणाऱ्याला शिक्षा.

समिती आली, नेहमीसारखीच. चहा बाजूला ठेवून तिनं नाश्त्याची वही मागितली आणि मुलांना एकेकटं बोलावलं. आता नाश्ता सगळ्यांना मिळतो. पेटी मुलांच्या खोल्यांकडं गेली, किल्ली संस्थेबाहेर.

अधीक्षक माझ्याशी तुटक वागतात. त्यांना अंदाज आला असावा. तो येऊ नये याची हमी कुठलंच कलम देत नाही. पण समितीनं पाहिलं ते कुणालाही दिसण्यासारखं होतं, त्यामुळं बोट दाखवायचं तर साऱ्या कर्मचाऱ्यांकडं दाखवावं लागेल.