पित्याचा वकील

घटस्फोटाच्या दाव्यासाठी पित्याने वकील शोधणे हे जमिनीच्या किंवा न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यासाठी वकील शोधण्यापेक्षा मुळातच वेगळे काम आहे, कारण येथे प्रतिपक्ष ही अपत्याची आई असते आणि निकाल लागल्यानंतरही शाळा, आजारपण, सुट्ट्या यांबाबत तिच्याशी वर्षानुवर्षे बोलावेच लागते. पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पक्षकार म्हणून वावरलेल्या प्रस्तुत लेखकाचे असे ठाम मत झाले आहे की, वकील निवडताना पिता प्रत्यक्षात हा तंटा कोणत्या रीतीने चालवायचा हेच ठरवत असतो.

हा शोध अवघड होण्याची काही कारणे कायद्यातच आहेत. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते कायद्याच्या जाणकाराला न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाचा साहाय्यक, म्हणून बोलावू शकते, आणि व्यवहारात बहुतेक पक्षकार वकिलामार्फत काम चालवण्याच्या परवानगीचा अर्ज देतात. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई असल्यामुळे नाव कळते ते तोंडोतोंडी. शिवाय कलम ११ प्रमाणे एका पक्षानेही इच्छा व्यक्त केली तर सुनावणी बंद दाराआड होते, त्यामुळे एखादा वकील युक्तिवाद कसा करतो हे आधी जाऊन पाहण्याची सोयही खात्रीची नाही. उरतो तो न्यायालयाचा व्हरांडा, आणि त्याचे मोल कमी लेखू नये: पुकारा होण्यापूर्वी वकील स्वतःच्या अशिलाशी आणि विशेषतः समोरच्या पक्षाच्या वकिलाशी कसा बोलतो, तारखेला स्वतः येतो की ज्युनियरला धाडतो, हे तेथे उघड दिसते.

लेखकाच्या मुलीला त्या वेळी पाच वर्षे पूर्ण झालेली नव्हती, आणि या एका वस्तुस्थितीवरच भेटलेल्या वकिलांची पारख झाली. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालील अपत्याचा ताबा, म्हणजे त्याचा प्रत्यक्ष सांभाळ, सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रोक्सान शर्मा प्रकरणात २०१५ मध्ये असेही स्पष्ट झाले की, एवढ्या लहान मुलाची आई ताब्यासाठी अयोग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार पित्यावर असतो. असे असताना एका अनुभवी वकिलाने पहिल्याच भेटीत ताबा हमखास मिळवून देण्याचे आश्वासन दिले, आणि पुढे सुचवले की ताब्याची मागणी लावून धरली की पोटगीचा आकडा आपोआप खाली येतो. अपत्याला वाटाघाटीतील वजन म्हणून वापरण्याची ही रीत केवळ अनैतिक नाही, ती घातकही आहे, कारण अशा अर्जात आईवर करावे लागणारे आरोप कागदावर कायमचे राहतात आणि मूल मोठे झाल्यावर ते वाचू शकते.

ज्या वकीलबाईंना अखेर वकीलपत्र, म्हणजे बाजू मांडण्याचे लेखी अधिकारपत्र, दिले गेले, त्यांनी पत्नीविषयीच्या तक्रारी विचारण्याआधी मुलीचा दिवस विचारला: डबा कोण भरते, व्हॅनपर्यंत कोण सोडते, लसीकरणाचे कार्ड कोणाच्या कपाटात आहे, रात्री ताप चढला तर औषध किती द्यायचे हे कोणाला ठाऊक आहे. या प्रश्नांमागे कायद्याचाच विचार होता, कारण १९५६ च्या अधिनियमाचे कलम १३ अपत्याचे हित हा सर्वोपरी निकष मानते, आणि हे हित अशा बारीकसारीक गोष्टींतूनच न्यायाधीशांपुढे मांडता येते. उत्पन्नाच्या बाबतीतही त्या तितक्याच काटेकोर होत्या. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निवाड्यानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात एकही खाते वगळायचे नाही, आणि भेट मिळो वा न मिळो, मुलीचा खर्च थांबवायचा नाही, या दोन गोष्टी मान्य असतील तरच काम घेऊ, असे त्यांनी सांगितले. प्रतिज्ञापत्रात एक गोष्ट खोटी निघाली की पित्याच्या बाकीच्या म्हणण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही, असे त्यामागचे त्यांचे कारण होते.

फीविषयी थोडे सांगणे पुरेसे आहे: ती निकालावर अवलंबून ठेवण्यास नियमांनी बंदी आहे, त्यामुळे ठोक रक्कम की तारखेगणिक हे आरंभीच लिहून घ्यावे, आणि वकील बदलण्याची वेळ आलीच तर थकीत फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलेले आहे.

निवडीची खरी कसोटी लागली ती हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खालील अंतरिम अर्जाच्या, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या व्यवस्थेसाठीच्या अर्जाच्या मसुद्यात. ‘मुलीला भेटण्याची परवानगी मिळावी’ हे मोघम वाक्य वकीलबाईंनी खोडले आणि त्या जागी वार, वेळ, आरंभी न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत व नंतर घरी अशी भेटीची चढती व्यवस्था, मुलीला आणण्या-पोहोचवण्याची जबाबदारी, आजारपणामुळे चुकलेल्या भेटीची भरपाई आणि शाळेच्या पालकसभेची सूचना दोघांनाही मिळावी ही मागणी लिहिली. यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुलाचा आई-वडील दोघांशी संपर्क राहणे महत्त्वाचे मानले आहे, त्याचा आधार घेऊन व्हिडिओ कॉलची वेळही त्यात घातली गेली, आणि ती मुलीच्या जेवणानंतरची व झोपेपूर्वीची असावी हे वकीलबाईंनी समोरच्या वकिलांना फोन करून आधीच ठरवून घेतले. समुपदेशकांपुढील बैठकीत, जेथे सहसा दोन्ही वकील बाहेरच थांबतात, मुलीच्या आईने त्या मसुद्यातील एकच बाब बदलून मागितली: मुलीला सोसायटीच्या फाटकाऐवजी आजीच्या घरी सोडावे. बाकीच्या अटींवर दोघांनी त्याच बैठकीत सह्या केल्या.